पदर का उशी

आमच्या घरी कुणी सिनेमा बघून आलं आणि "विषय फार मोठा घेतलाय" असं म्हणालं, की मी चहा टाकायला आत जाते. आमचे हे कचेरीत आहेत, त्यांच्याकडं चार शिकलेली माणसं येतात. कधी विधवेचा विषय निघतो, कधी कुळांचा, कधी एकीचा. एवढ्या मोठ्या विषयावरचा सिनेमा वाईट कसा असेल, असं सगळ्यांच्या बोलण्यात असतं. मला त्यावर बोलावंसं वाटतं, पण चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि बोलायचं म्हटलं तर तुळजापूरच्या आमच्या दुकानापासून सुरुवात करावी लागेल. ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहिते.

आम्ही मणेर, बांगड्या भरणारे. घरात दखनी बोलतो. शाळेत मला आधी उर्दू होतं, मग निजामाचं राज्य गेलं आणि मराठी आलं. चौथीपर्यंतच शिकले, पण ती चौथी मराठीत झाली, त्यामुळं लिहायला मराठीच येतं. घरातलं बोलणंही मराठीतच लिहिते आहे.

आमचं दुकान देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत होतं, त्याच्याच मागं आमचं घर. देवीला आलेल्या बायका दर्शन झालं की हिरवा चुडा भरून मगच मोटारीला जायच्या. पुढं अब्बा गादीवर बसत. मागं कापडाच्या आडोशाला बसून मी माळेतून बांगड्या सोडवून मापाप्रमाणं लावून द्यायची. मला तेच बरं वाटे. बायका दिसायच्या, त्यांचं बोलणं ऐकू यायचं, आणि मी कुणाला दिसत नसे.

बांगडी भरताना हात दुखतो. दुखला की बाई मूठ आवळते, आणि मूठ आवळली की काच तडकते. म्हणून अब्बा भरताना सतत बोलत. बाईचं लक्ष बोलण्यात गुंतलं की हात ढिला पडायचा आणि बांगडी सरकन वर जायची. बोलायला विषय कुठला, तर सिनेमाचा. सुगी झाली की मोटारस्टँडच्या खालच्या रानात तंबूचा सिनेमा यायचा. तंबूवाला पहिल्या खेळाला अब्बांना आवर्जून बोलवायचा. अब्बा पुरुषांकडं बसत, मी कनातीच्या पलीकडं बायकांत. दुसऱ्या दिवशी दुकानात अब्बा त्या सिनेमाची गोष्ट सांगत आणि बांगड्या भरत. शेवट मात्र कधी सांगत नसत.

त्यातून बायकांनी एक चाल पाडली होती. त्या हात पुढं करायच्या आणि विचारायच्या, "भाई, पदर का उशी?" अब्बा "पदर" म्हणाले की सिनेमा चांगला, डोळे पुसायला पदर सांभाळून जावा. "उशी" म्हणाले की जाऊ नका, गेलात तर निजायला उशी घेऊन जावा. तामलवाडीच्या बायकासुद्धा बाजाराला आल्या की विचारून जायच्या आणि घरी नवऱ्याला सांगायच्या. बाईमाणसाला वर्षातून एखादा खेळ बघायला मिळणार, तो वाया जाऊ नये असं प्रत्येकीला वाटायचं. अब्बांनी खोटं कधी सांगितलं नव्हतं. एकदा तंबूवाल्यानं फार विनवलं तरी त्यांनी "उशी" म्हणायचं सोडलं नाही. मग तोच हसला आणि म्हणाला, "तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय, भाई, पर पाय सरळ देताय."

सगळ्यांत जास्त विचारणारी म्हणजे आमच्या शेजारची काकू. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं, देवळात पूजेची पाळी असणारं. अब्बा तिला वैनी म्हणत. तोंडानं फटकळ. अब्बांना म्हणायची, "तुला बांगड्या कमी अन् बाता जास्त भरता येत्यात." पण सिनेमाला जायचं ते अब्बांनी सांगितल्यावरच.

या काकूची एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पोलीस ॲक्शनच्या साली मी सात-आठ वर्षांची होते. आधी आमच्या धर्माचं नाव लावणाऱ्या लोकांनी गावं जाळली होती. मग त्याचा सूड आमच्यासारख्यांवर निघत होता. आमच्या घरानं कुणाची काडीही जाळली नव्हती, पण त्या दिवसांत ते कोण विचारत बसतंय. काकूनं आम्हाला मागच्या दारानं आत घेतलं आणि कडब्याच्या खोलीत कोंडलं. अब्बा, अम्मी, मी, अंगावरचा लहान भाऊ आणि अम्मीचा भाऊ, माझा मामा. पुढच्या दारात काकूचे मालक अडकित्ता घेऊन बसले. कुणी येऊन विचारलं की "हितं कुणी न्हाय" एवढंच म्हणायचे आणि सुपारी कातरायचे. तो अडकित्त्याचा आवाज आम्हाला आतपर्यंत यायचा.

काकू काही गोड बोलत नव्हती. ती चिडलेली होती, घाबरलेली होती. भाऊ रडला की आत यायची, त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबायची आणि अम्मीला म्हणायची, "पाज की त्याला, बघतीस काय!" मामाला दमा होता. कडब्याच्या धुळीनं त्याला खोकला धरला. तोंडात पागोटं कोंबून तो खोकायचा, तरी आवाज यायचा. तिन्हीसांजेला काकू दार किलकिलं करून म्हणाली, "तुझ्या खोकल्यापायी ही पोरं मरतील. गप बस, न्हायतर जा."

मामा थोडा वेळ बसला. मग "मी जरा बघून येतो" म्हणाला आणि मागच्या भिंतीवरून गेला. तो परत आला नाही. कुठं गेला, काय झालं, कुणी सांगितलं नाही.

आम्ही वाचलो. घरी आलो, दुकान पुन्हा लागलं. पण त्या खोलीबद्दल दोन्ही घरांत पुन्हा कुणी शब्द काढला नाही. आमच्या घरानं उपकार मानले नाहीत, कारण उपकार म्हटलं की मामाचं नाव घ्यावं लागलं असतं. काकूनंही कधी ऐकवून दाखवलं नाही. ईदला अम्मी शिरखुर्मा पाठवायची. भांडं रिकामं परत येत नसे, गूळ किंवा शेंगा घालून यायचं. शिरखुर्मा ते लोक खात होते का गाईला घालत होते, ते आम्ही विचारलं नाही. चांगलं चाललं होतं. बोललं नाही तर चालत होतं.

मी पंधरा-सोळाची असेन, तेव्हा तो सिनेमा आला.

येण्याआधीच त्याचा बोलबाला झाला. टांग्यातून कर्णा फिरला की "एकीचा संदेश देणारा महान खेळ." हिंदू आणि मुसलमान, दोन दोस्तांची गोष्ट. शाळेचे हेडमास्तर वर्गावर्गात सांगून आले. मामलेदार कुटुंबासकट येणार म्हणून पुढं खुर्च्या मांडल्या.

पहिल्या खेळाला आम्ही गेलो. गोष्ट अशी. एका गावात दोन जिवलग. मुसलमान दोस्त कायम हसणारा, दुसऱ्याच्या बहिणीच्या लग्नात गाणारा. मग दंगल होते. हिंदू दोस्ताची आई त्याला घरात लपवते. मारेकरी येतात तेव्हा ती आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहते आणि मोठं भाषण करते. ते ऐकून मारेकऱ्यांच्या माना खाली जातात. तेवढ्यात हिंदू दोस्ताचं पोर बाहेर अडकल्याचं कळतं. लपलेला दोस्त त्या आईच्या पाया पडतो, "तुझ्या दुधाचं ऋण फेडतो" म्हणतो आणि धावत सुटतो. पोर वाचतं, याच्या पोटात सुरा बसतो. मरताना तो देशाबद्दल बोलतो. तंबूत मशीन एकच होतं, रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत खेळ थांबायचा. त्याच्या मरणातच रीळ संपलं. पुरुष बाहेर जाऊन विडी ओढून आले. माझ्या शेजारची बाई पोराला मुतवून आली आणि म्हणाली, "अगं बया, अजून मरतोयच का?"

तरीसुद्धा शेवटी टाळ्या पडल्या. मामलेदारीणबाईंनी डोळे पुसले. हेडमास्तर तर खरेच रडत होते, मी कनातीच्या फटीतून पाहिलं. ते चांगले होते. पोलीस ॲक्शनच्या साली गावोगाव हिंडून त्यांनी पळालेल्या माणसांना परत आणून बसवलं होतं. हा सिनेमा त्यांना मनापासून आवडला होता, त्यात ढोंग नव्हतं.

घरी येताना अब्बांनी नेहमीसारखं विचारलं, "काय, पदर का उशी?"

मी म्हणाले, "त्या माणसाचं घरच दाखवलं न्हाय."

"कुणाचं?"

"मेला त्याचं. त्याला आई न्हाय, बायको न्हाय, तो कुठं जेवतो, कुठं निजतो, काय धंदा करतो, काही न्हाय. नुसता दुसऱ्याच्या घरात हसतो अन् शेवटी मरतो."

अब्बा थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "मग?"

"उशी."

ते हसले. पण दाराशी आल्यावर म्हणाले, "हे बाहेर कुणापाशी बोलू नगंस."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच हेडमास्तर हजर. रविवारी तंबूत पडद्यापुढं सभा ठेवली होती. गावातली मोठी माणसं सिनेमाबद्दल बोलणार होती.

"भाई, तुम्ही दोन शब्द बोलायचे. तुमच्या बोलण्याला वजन आहे. तुमच्याचसाठी आहे हो हा खेळ."

"आमच्यासाठी?" अब्बा म्हणाले.

"म्हणजे सगळ्यांसाठी. पण तुम्ही बोललात तर लोकांना पटेल."

"साहेब, मी बांगडीवाला. सभेत काय बोलू?"

"अहो, बायकांना सांगताच की रोज. तेच सांगायचं."

अब्बांनी माळ खाली ठेवली. "एक विचारू का? खेळ कसा हाय ते सांगायचं, का विषय कसा हाय ते?"

हेडमास्तर हसले. "दोन्ही एकच की!" आणि खांद्यावर हात ठेवून गेले.

मी आडोशाला होते. मला वाटलं, ते थांबले असते तर अब्बा पुढं काहीतरी बोलले असते.

ऊन वर आल्यावर काकू आली. गादीपुढं बसून हात पुढं केला. "हं. पदर का उशी?"

अब्बा बांगड्या निवडत राहिले. "विषय चांगला हाय, वैनी."

"विषय?"

"लई मोठा विषय हाय."

काकू पुढं झुकली. "मेल्या, म्या नवरा कसा हाय विचारतीय, तू घराणं चांगलं म्हणून सांगतोस! पोरगा आंधळा हाय का लंगडा, ते सांग की."

शेजारी बसलेल्या बायका खिदळल्या. अब्बाही हसले. काकूनं हात मागं घेतला. "तू सांगशील तवाच जाईन. लोकांचं म्या ऐकत न्हाय."

रविवारच्या आदल्या रात्री भाकरी थापता थापता अम्मी म्हणाली, "चांगला म्हणून या अन् मोकळे व्हा. तोंड झिजतंय का?"

"चांगला न्हाय तो."

"तुम्ही वाईट म्हणालात तर पिच्चरला वाईट म्हणाला, असं कोण म्हणणार हाय? एकीला वाईट म्हणाला म्हणतील. अन् दुसऱ्या कुणी म्हणलं तर चालंल. हेडमास्तरांनी म्हणलं तर चालंल. तुम्ही म्हणलेलं न्हाय चालणार."

अब्बांनी तिच्याकडं पाहिलं. अम्मी फारशी बोलत नसे. मामा गेल्यापासून तर तिचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं.

"वैनी विचारतीय," अब्बा म्हणाले. "तिला काय सांगू?"

अम्मी भाकरी उलटत म्हणाली, "तिला तर तेच सांगा. तिला तर दुसरं काही सांगूच नगा."

मी त्या वेळी त्याचा अर्थ नीट लावला नाही. आज वाटतं, अम्मीला भीती गावाची नव्हती. सिनेमा वाईट आहे असं अब्बा म्हणाले असते, तर काकूनं "का?" म्हणून विचारलं असतं. आणि ते सांगायचं म्हणजे कडब्याच्या खोलीचं दार उघडायचं.

रविवारी तंबू भरून गेला. हेडमास्तर बोलले, मामलेदार बोलले. दोघांच्याही बोलण्यात सिनेमा कमी आणि एकी जास्त होती. ते बोलणं खरं होतं, चांगलं होतं. मग अब्बांना उभं केलं. त्यांनी टोपी सारखी केली. बायकांकडची कनात वर केलेली होती. अब्बांनी तिकडं पाहिलं, काकू पुढंच बसली होती.

"मला बोलता येत न्हाय," अब्बा म्हणाले. "खेळ सगळ्यांनी बघावा. बायकांनी पदर घेऊन बसावं."

बायकांकडून आधी हसू आलं, मग टाळ्या. पुरुषांकडूनही टाळ्या आल्या. हेडमास्तरांनी अब्बांना मिठी मारली. काकू माझ्याकडं वळून म्हणाली, "बघ, आता कसा नीट बोलला तुझा बाप." आणि त्याच खेळाला बसली. माझा हात धरून शेजारी बसवून घेतलं.

मी सिनेमा दुसऱ्यांदा पाहत नव्हते, काकूला पाहत होते. लग्नाच्या गाण्यात ती मजेत होती. दंगल सुरू झाली तशी तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. त्या आईनं त्याला घरात घेऊन दार लावलं तेव्हा काकू पुढं सरकून बसली. मग ती बाई ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहिली आणि भाषण चालू झालं. ते काही केल्या संपेना. काकू माझ्या कानाशी म्हणाली, "एवढं बोलायला वेळ कुठं होता गं?"

मला वाटलं, तिला कळलं. आता ती काहीतरी फटकळ बोलेल आणि आम्ही दोघी हसू. पण पुढं तो पाया पडला, धावत गेला, आणि त्या आईनं "नको जाऊ, लेका" म्हणून त्याचा सदरा धरला. सदरा फाटून तिच्या हातात राहिला. तिथं काकूनं तोंडावर पदर घेतला तो दिवे लागेपर्यंत काढला नाही. 

पुढं काही दिवस ती दुकानात आली नाही. आली ती मंगळवारी, गर्दीच्या दिवशी. तामलवाडीच्या बायका बसल्या होत्या. काकूनं हात पुढं केला, अब्बा भरू लागले. उजवा हात भरून झाला. बायकांनी त्याच सिनेमाचं काढलं. तो पोरगा किती गुणाचा, ती आई किती मोठ्या मनाची.

काकू हसत म्हणाली, "गुणाचा तर खराच. पाया पडला बाई तिच्या. आमच्या नशिबी एवढं बी न्हाय."

थट्टाच होती. तिच्या सगळ्याच बोलण्यात थट्टा असायची. बायका हसल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. अब्बांचे हात थांबले. मी आडोशातून पाहत होते. त्यांनी हातातली माळ बाजूला ठेवली, गादीवरून खाली उतरले आणि भर गल्लीत काकूच्या पायांवर डोकं ठेवलं.

आमच्यात माणसाच्या पायावर डोकं ठेवत नाहीत. 

काकू ताडकन मागं सरली. "ए! ऊठ! येड लागलं का तुला? ऊठ आधी!"

अब्बा उठले. कपाळाला धूळ लागली होती. "म्या पदर म्हणालो नव्हतो का, वैनी? पिच्चर चांगला म्हणालो. मग त्यातल्यावानी वागायला नगं?"

ते रागानं बोलले नाहीत. रागानं बोलले असते तर बरं झालं असतं.

"म्या थट्टा केली रं," काकू म्हणाली. तिचा आवाज फाटला. देवळाकडं जाणारी माणसं थांबून बघत होती. कुणीतरी म्हणालं, "वा, याला म्हणायची एकी." ते ऐकून काकूनं पदर आवळला आणि डावा हात मोकळा ठेवूनच ती निघून गेली. सवाशीण बाई, एक हात भरलेला आणि एक रिकामा, अशी सगळ्यांच्या देखत गेली.

गावात ही गोष्ट पसरली. हेडमास्तर येऊन अब्बांचा हात हातात घेऊन म्हणाले, "भाई, सिनेमानं काम केलं म्हणायचं!" त्यांचे डोळे भरले होते. अब्बा "बसा" म्हणाले आणि माझ्याकडं पाहून चहाची खूण केली.

तंबू उठून गेला. काकूचा भिंतीपलीकडचा आवाज यायचा, भांड्यांचा, गाईला हाकलल्याचा, पण ती येत नव्हती. अम्मी अब्बांशी बोलेना. दुकानात कुणी "पदर का उशी" विचारलं की अब्बा म्हणत, "आता तंबू हाय कुठं?" आणि गप्प राहून बांगड्या भरत. त्या दिवसांत काच फार फुटली.

मग एका दुपारी, गल्लीत कुणी नसताना, काकू आली. डाव्या हातात तिनं घरातल्याच दोन जुन्या बांगड्या घातल्या होत्या. गादीपुढं बसली आणि तो हात पुढं केला. अब्बांनी तो हातात घेतला. पहिली बांगडी अर्ध्यावर तडकली. दुसरीही. काकूची मूठ घट्ट आवळलेली होती.

"वैनी, हात सैल सोडा," अब्बा म्हणाले.

"बोल की मग काहीतरी."

अब्बा खाली मान घालून म्हणाले, "उशी होती."

"ठाऊक हाय."

"लई वाईट पिच्चर होता."

"ठाऊक हाय म्हणलं ना." काकू आडोशाकडं पाहत होती. मी तिथं आहे हे तिला माहीत होतं. "पर त्या बाईनं त्याला जा म्हणलं न्हाय. ती त्याला धरत होती."

अब्बांचा हात तिच्या मनगटावर तसाच राहिला. ते म्हणाले, "तुम्ही बी जा म्हणाला न्हाईत. गप बस म्हणालात."

"न्हायतर जा, असं म्हणाले. तू ऐकलंस. तुझ्या बायकोनं ऐकलं. ह्या पोरीनं बी ऐकलं."

 अब्बा "नाही" म्हणतील, असं मला वाटत होतं. सभेत ते खोटं बोलले होते, मग इथंही एक खोटं बोलायला काय हरकत होती. पण अब्बांनी माळेतली पुढची बांगडी घेतली. काकूचे डोळे वाहत होते आणि मूठ सुटली होती. बांगडी सरकन वर गेली. मग दुसरी, मग तिसरी. हात भरला.

काकू उठली. आत अम्मी होती, तिकडं एकदा पाहिलं आणि गेली.

अब्बांनी मला हाक मारली. "काचा झाडून घे," ते म्हणाले. "अनवाणी माणसं जात्यात ह्या वाटंनं."